उकाराएवढी जागा

परसोडीच्या आयटी पार्कात दुपारचे तीन,
एसी चालू असूनही मे महिना काचेतून आत आलेला.
गोळीबार चौकातल्या विणकर पतसंस्थेचं पान
माझ्या स्क्रीनवर सजून बसलं होतं :
कोशाच्या रंगाची पार्श्वभूमी, कोपरे आठ पिक्सेल गोल,
बाण जवळ नेला की कार्ड किंचित वर उचलायचं,
हाक ऐकून कुणी मान वर करावी तसं.
मोबाइलवर तीन रकान्यांचा एक व्हायचा, आपोआप,
आणि त्याचं मला फार कौतुक.
बोंद्रे सर म्हणाले, "झकास. शुक्रवारी लाइव्ह."

सोमवारी पतसंस्थेच्या पराते मॅडमचा फोन :
"एक खातेदार सकाळपासून भांडून राहिले. तुम्हीच या."

मनिराम निखारे. चाळीस वर्षं हातमाग,
मग काचबिंदू, मग काही नाही.
फोन कानाशी, आणि त्यातली बाई इतकी भरभर बोलणारी
की मला एक अक्षर लागेना.
"थांब, तुह्यासाठी हळू करतो," म्हणाले.

बटन, फोन म्हणाला.
बटन.
चित्र, आयएमजी, शून्य चार शून्य दोन.
बटन.
मग जिथे मी दोन रात्री घातल्या होत्या,
तो हिरवा, सावलीचा, दाबल्यावर जरासा खाली बसणारा,
शब्दांऐवजी नुसता एक सुबक बाण असलेला,
तिथे
बोट घसरत गेलं आणि फोन गप्प.

"पैसे भराची जागा कुठं ठेवली वं बाई?
मले वाटलं पानच सरलं."

काय सांगणार. ते बटन नव्हतंच.
एक रिकामा डिव्ह, त्याला मी बटनाचे कपडे चढवलेले.
बडग्या करतात तसा : आत कामट्या, वर चकचकीत कागद.
डोळेवाले फसले,
बोट फसलं नाही.

पराते मॅडमना तेवढ्यात आठवलं,
"आणि हे पाहा ना, 'कुटुंब ठेव' लिहिलंय की 'कटंब ठेव'?"
दोन्ही उकार खालून कापलेले, स्वच्छ, कात्रीनं कापावेत तसे.
ओळीची उंची मी एका इंग्रजी नमुन्यातून उचलली होती.
त्या अक्षरांना खाली पाय नसतात फारसे,
आपल्यांना असतात,
डोक्यावर मात्राही असतात, रफारही असतो,
आणि मी त्यांना बसवलं होतं त्या बुटक्या खोलीत.

निखारे हसले. "काठात एक धागा सुटला
तं पायणाऱ्याले दिसत नाही, बापा.
नेसणारीच्या बोटाले लागते."

रात्री मानेवाड्याच्या खोलीत कूलर घरघरत होता.
मी फोनचा पडदा काळा केला, आवाज चालू केला,
आणि माझ्याच पानात शिरले.
चौथ्या मिनिटाला हरवले.
मेनू उघडला तो बंद कसा करायचा कळेना,
तळाचे नियम तीनदा ऐकले, बाहेर पडायला दार सापडेना.
हे सगळं मीच बांधलेलं.

मग दुरुस्ती. लाज वाटावी इतकी लहान.
डिव्हच्या जागी खरंखुरं बटन. त्याला नाव : हप्ता भरा.
चित्रांना एकेक वाक्य.
ओळीची उंची एक पूर्णांक एकवरून एक पूर्णांक सात.
एकूण अकरा ओळी,
त्यातल्या चार नुसत्या पुसायच्या होत्या.
सकाळी बोंद्रे सरांनी पाहिलं, म्हणाले,
"बदललंय काय? सेमच तर दिसतंय."
हो म्हणाले. दिसायला सेमच आहे.

गुरुवारी अनोळखी नंबर.
"निखारे बोलतो. लागलं बरं का बटन.
पण तो ओटीपी मी ऐकस्तोवर
तुहं पान झोपी जाते. तीस सेकंदात
कोणाचं काय होते वं?"

मी फाइल पुन्हा उघडली.